मुंगीचं म्हणणं

दुपारचा घाणा उतरला आणि काकांनी बेकरीचं शटर अर्ध्यावर ओढलं. भर रविवारी, गिऱ्हाईक दारात असताना शटर खाली येणं ही या घरात सुतकाची खूण होती. त्यामुळे समोरचा शिंपी मशीन तसंच टाकून रस्ता ओलांडून आला.

"सगळं ठीक ना हो?"

"ठीक कसलं, उत्तम!" काका म्हणाले. "आमच्या मुंगीचं कॉलेज पक्कं झालं. वर घरातल्यांना सांगायला चाललोय."

जिना चढताना त्यांचा पाय हलका पडत होता. तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहाला पाव पुरवता पुरवता त्यांनी तिथल्या प्राचार्यांशी ओळख केली होती, आणि आज ती ओळख कामाला आली होती. घरात धाकट्या भावाला भट्टी कळते, अण्णांना माणसं कळतात, पण बाहेरचं जग हाताळायचं ते आपणच, असा त्यांचा पक्का समज होता. आणि तो फारसा चुकीचाही नव्हता.

वरची खोली बरोबर भट्टीवर होती. फरशी कायम कोमट. काकांचे वडील अण्णा आपल्या खुर्चीत पाय जमिनीला टेकवून शेक घेत बसले होते. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मुंगीचे बाबा, काकांचे धाकटे भाऊ, नुकतेच खालून आले होते आणि नखांत अडकलेलं पीठ काडीने काढत होते. मुंगीची आई दाराशी, आणि मुंगी खिडकीला पाठ लावून. ती नेहमी तिथेच बसायची. तिथून सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडायचा आणि ओठ दिसायचे.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. चालायला लागायच्या वयात ताप आला आणि तिचं ऐकणं गेलं. पुढे गल्लीतली पोरं तिला 'मुकी, मुकी' म्हणायला लागली, तेव्हा अण्णांनी त्यातल्या एकाचा कान धरून सांगितलं होतं, "मुकी नाही रे, मुंगी! जायचंय तिथे जाते. भिंत आडवी आली तर भिंतीवरून जाते." तेव्हापासून सगळ्या गल्लीची ती मुंगी झाली. आता दहावी झाली होती, ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेत पहिली आली होती, आणि यंत्र अभियांत्रिकीची पदविका करायची म्हणून हटून बसली होती.

"तर ऐका," काका म्हणाले, आणि मुंगीकडे वळून आवाज चढवत पुन्हा म्हणाले, "ऐक!" तिच्याशी बोलताना ते नेहमीच ओरडायचे. "प्राचार्य स्वतः बोलले माझ्याशी. म्हणाले, गुण उत्तम आहेत, प्रवेश देतो. फक्त ते सरकारी दुभाषी प्रकरण नको."

"नको म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"अरे, सरकार देतंय दुभाषी, मान्य. फुकट देतंय, तेही मान्य. पण त्यासाठी कॉलेजने मागणी करायला लागते. मागणी केली की तपासणीला माणसं येणार, दर महिन्याला अहवाल द्या, अमुक सोय केली का, तमुक केली का. आणि कार्यशाळेत यंत्रं चालू असताना मध्ये एक परकी बाई हातवारे करत उभी! ते म्हणतात, एवढा व्याप कोण करणार? त्यापेक्षा घरच्यांनी लिहून द्यावं की दुभाषी नको, आणि वर्गात हिच्या शेजारी हिच्या आईने बसावं. आईला खुणा येतातच."

"हे बरं झालं," काकू म्हणाल्या. "घरचं माणूस ते घरचं माणूस. सरकारी बाई चार दिवस येईल नि पाचव्या दिवशी सुट्टीवर जाईल."

अण्णांनीही मान हलवली. "सूनबाईला जमेल का पण? रोजचं आहे."

मुंगीच्या आईला जे वाटलं ते तिने कुणालाच सांगितलं नसतं. तिला आनंद झाला होता. लेकीचे कान गेल्यापासून ती तिचे कान झाली होती. सरकारी वर्गात जाऊन खुणांची भाषा शिकली, शाळेत, दवाखान्यात, दुकानात लेकीच्या बाजूला उभी राहिली. गेले काही दिवस एकच विचार तिची पाठ सोडत नव्हता: कोण कुठली दुभाषी येणार. ती आली की आपण काय करायचं? आणि आता हे असं, आयतं.

"जमेल की," ती म्हणाली. "सकाळचं आवरून जाईन. मला काय, बसायचंच तर आहे."

"झालं तर!" काकांनी मांडीवर थाप मारली. "हिच्यासारखी आई मिळायला भाग्य लागतं. वहिनी, चहा टाका," हे ते आपल्याच बायकोला चेष्टेने म्हणाले, आणि सगळे हसले. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल चहाच्या आधी लागला होता.

तेवढ्यात खोलीतला दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

मुंगी बटणापाशी उभी होती. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून ती हेच करायची.

तिला बोलणं सगळं कळलं नव्हतं. काकांच्या मिशीत निम्मी वाक्यं अडकायची. पण 'लिहून द्या' कळलं होतं, 'नको' कळलं होतं, आणि आईचा चेहरा कसा उजळला तेही तिने पाहिलं होतं. त्या चेहऱ्याकडे बघून तिला क्षणभर वाटलं की राहू दे. मग ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि हातांनी म्हणाली, 'मला तू वर्गात नको आहेस.'

आई खोलीकडे वळली. "ती म्हणतेय," ती सगळ्यांना म्हणाली, "आईला उगीच त्रास होईल."

"बघा, किती काळजी पोरीला!" काकू म्हणाल्या.

मुंगीची नजर आईच्या ओठांवर होती. 'त्रास' हा शब्द तिला ओठांवर ओळखता यायचा, आयुष्यात इतक्यांदा पाहिला होता. तिने हात पुन्हा उचलले, या वेळी सावकाश. 'मी त्रास म्हटलं नाही. मी नको म्हटलं. मला सरकारने दिलेली दुभाषीच हवी.'

"ती... ती म्हणतेय, विचार करायला थोडा वेळ द्या."

मुंगीने मान झटकली आणि सरळ बाबांपुढे जाऊन गुडघ्यावर बसली. बाबांना खुणांची भाषा अशी येत नव्हती. त्यांना भट्टीपुरत्या खुणा यायच्या: गरम, उचल, झालं, कच्चं, नको. सुट्टीच्या दिवसांत बापलेक शेजारी शेजारी काम करायचे तेव्हा तेवढ्यावर भागायचं. तिने आईकडे बोट केलं. मग हवेत फळा काढला, खडू धरल्यासारखा हात फिरवला. मग भट्टीतली खूण केली, तळवा आडवा, डावीकडून उजवीकडे.

बाबांनी हातातली काडी खाली ठेवली.

"ती नको म्हणतेय," ते म्हणाले.

"काय नको?"

"आई वर्गात नको म्हणतेय. मघाशीही तेच म्हणाली. मला तेवढं कळतं." मग बायकोकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "तू दुसरंच सांगितलंस."

आई उठली, पदराला हात पुसल्यासारखे केले आणि परत बसली.

"म्हणजे काय?" काकांचा चेहरा लाल झाला. "जिनं हाडाची काडं केली ती आई नको, आणि सरकारी बाई हवी? हिला काही कळतं का? अरे, तिला विचारा कुणीतरी, का नको!"

विचारायचं कुणी? खुणा येणारी एकच होती, आणि ती खाली मान घालून बसली होती. मुंगीने वाट पाहिली नाही. ती खाली गेली आणि दुकानातला दर लिहायचा फळा काखेत मारून वर आली. त्यावरचे पाव-बिस्किटांचे भाव तिने बाहीने पुसले, काका 'अगं, अगं' म्हणेपर्यंत. खडूने भराभर लिहिलं आणि फळा काकूंच्या मांडीवर ठेवला, कारण घरात मोठ्याने वाचायची सवय त्यांनाच होती.

काकू वाचू लागल्या.

"'शाळेत गणिताच्या बाई म्हणाल्या, मुलगी आळशी आहे. आईने मला सांगितलं, बाई म्हणतात अजून मेहनत कर. मी म्हटलं, बाई कंटाळवाणं शिकवतात. आईने बाईंना सांगितलं, ती प्रयत्न करेल.'"

मुंगीने फळा ओढून घेतला, पुसला, पुन्हा लिहिलं.

"'हे मला नंतर कळलं. बाई आणि मी इतकी वर्षं एकमेकींशी बोललोच नाही. दोघी आईशी बोललो. आई सगळं गोड करते. मला कडू पण हवं. माझं पण कडू त्यांना मिळालं पाहिजे.'"

वाचता वाचता काकूंचा आवाज बदलत गेला. सुरुवातीला त्या बातमी वाचल्यासारखं वाचत होत्या. शेवटच्या ओळीला त्या थांबल्या आणि फळ्याकडे बघतच राहिल्या. मागे पोटात दुखत होतं म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टर त्यांना विचारत होते, कुठे दुखतं? आणि शेजारी बसलेले काका सांगत होते, "हिला ना, उजवीकडे दुखतं." दुखत होतं डावीकडे. मधलं माणूस प्रेमाचं असलं की त्याला थांबवताही येत नाही. तेव्हा त्यांनी नवऱ्याला खोडलं नव्हतं, घरी येऊन उजव्या बाजूची औषधं घेतली होती.

"बरोबर आहे पोरीचं," काकू म्हणाल्या.

"काय बरोबर आहे?" काका चमकले. बायको त्यांच्याविरुद्ध बोलली असं चारचौघांत कधी घडलं नव्हतं.

"सगळंच. आपण तिच्याबद्दल ठरवतो, तिच्या वतीने बोलतो आणि तिला म्हणतो, ऐक. तेही ओरडून. तिला ऐकू येत नाही, कळतं चांगलं."

"हे बघ, मला तत्त्वज्ञान नको. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं. वसतिगृहाचा पाव आपल्याकडून जातो. मी प्राचार्यांना शब्द दिलाय."

"कुणाचा शब्द दिलास?" अण्णांनी विचारलं. "तुझा दिला असशील तर तू पाळ. हिचा द्यायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"अण्णा, तुम्हीच मघाशी मान हलवलीत!"

"हलवली. म्हातारा माणूस आहे, मान हलते." अण्णा खुर्चीत सरळ झाले. "माझी बहीण अशीच होती, तुम्हाला माहीत आहे. तिच्या वेळी शाळा नव्हती, कायदा नव्हता, सरकारचं माणूस दारात आलं नाही. सगळं आयुष्य ती या घरात पीठ चाळत बसली. तिला काय वाटतं, हे तिच्यासोबतच गेलं. आता सरकार म्हणतंय, हिला बोलायला माणूस देतो. तो तिचा हक्क आहे, ती काही भीक नाही. आणि आपण लिहून द्यायचं, नको म्हणून? आपल्याच हाताने? मी नाही सही करणार. माझ्या घरातला कुणीच करणार नाही."

"मग प्रवेश?"

"मागायचा. उद्या जाऊन, तोंडावर."

"मी नाही येणार," काका म्हणाले. "कुठल्या तोंडाने जाऊ?"

"नका येऊ," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी जाते. टेंपो चालवायला धाकटे भावोजी आहेत."

"धाकटा टेंपो चालवणार? मागच्या खेपेला त्याने विजेच्या खांबाला दार आपटलं!" काका ताडकन म्हणाले, आणि आपण यायचं कबूल करून बसलो हे त्यांच्या लक्षात यायच्या आत अण्णा हसले.

मुंगी या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. काय चाललंय ते तिला काकूंनी फळ्यावर लिहून दाखवलं: 'उद्या सगळे जाऊ. दुभाषी हवा म्हणून सांगू.' तिने खाली लिहिलं, 'मी परवाच जिल्हा कार्यालयाला फोनवरून संदेश पाठवलाय. प्रवेशाच्या भेटीपुरती दुभाषी उद्या अकराला कॉलेजात येणार आहे.'

"म्हणजे आम्ही मघापासून कशासाठी भांडतोय?" काकांनी कपाळाला हात लावला.

मुंगीची आई मात्र हसली नाही. ती उठून खाली गेली.

खाली पिठाच्या कोठीत पोती रचून ठेवली होती. आई त्यांच्यावर टेकून उभी होती. मुंगी मागोमाग आली तेव्हा आईने डोळे पुसले नव्हते, लपवायचाही प्रयत्न केला नाही.

'मी खोटं सांगत होते का इतकी वर्षं?' आईने हातांनी विचारलं.

'नाही. गोड सांगत होतीस.'

'तुला लागू नये म्हणून.'

'माहीत आहे. पण मग मला लागण्यासारखं काय होतं, हेच मला कधी कळलं नाही.' मुंगी थोडी थांबली. 'तू वाईट दुभाषी आहेस. आई चांगली आहेस.'

'आणि मी दिवसभर करू काय? माझं काम तर तूच होतीस.'

मुंगीने आईच्या खांद्यावर पडलेलं पीठ झटकलं, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. वर काका कुणाशी तरी अजून वाद घालत होते. आईला ते ऐकू येत होतं. कोठीच्या बुटक्या छताला टेकवलेल्या तळव्यात काकांच्या येरझाऱ्या मुंगीलाही जाणवत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी कॉलेजात भेटलेली दुभाषी अगदीच तरुण निघाली. अंगात साधा गडद रंगाचा पोशाख, हातात बांगडी नाही, अंगठी नाही. प्राचार्यांच्या खोलीत घरातल्यांसोबत शिरल्यावर तिने आधी एक खुर्ची उचलून प्राचार्यांच्या शेजारी, किंचित मागे ठेवली.

"इथे का?" प्राचार्यांनी विचारलं.

"तिला तुम्ही आणि माझे हात एकाच वेळी दिसायला हवेत," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल ते मी तिला सांगेन, ती म्हणेल ते तुम्हाला. दोघांचंही जसंच्या तसं. मी माझ्या पदरचं काही बोलणार नाही. तुम्ही तिच्याशीच बोला, मी नाहीच असं समजून."

प्राचार्य थकलेले, सज्जन गृहस्थ होते. टेबलावर प्रवेशांचे गठ्ठे पडले होते. त्यांनी मान डोलावली आणि लगेच काकांकडे वळून म्हणाले, "काय हे, काका? आपलं बोलणं झालं होतं ना?"

काका खुर्चीत चुळबुळले. "झालं होतं. पण पोरीचं म्हणणं वेगळं पडलं. ते मी तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. ती सांगेल."

"बरं, तिला विचारा, लेथवर काम करताना..."

"मला विचारा," दुभाषी म्हणाली.

प्राचार्य दचकून तिच्याकडे वळले. मग त्यांच्या लक्षात आलं की मुंगीचे हात हलले होते.

इतकी वर्षं मुंगीची आई 'ती म्हणतेय' असं सांगत आली होती. 'मला' असं तिने एकदाही म्हटलं नव्हतं. लेकीचं 'मला' तिने आज पहिल्यांदा आवाजात ऐकलं.

"ठीक आहे, तुला विचारतो," प्राचार्य म्हणाले. "कार्यशाळेत लेथ आहेत, ड्रिल आहेत. इथे एका मुलाचं बोट गेलंय. मी स्वतः त्याला दवाखान्यात नेलं, रुमालात ते बोट घेऊन. ते मी विसरू शकत नाही. तुला यंत्राचा बदललेला आवाज ऐकू येणार नाही, कुणी ओरडलं तर कळणार नाही. मी तुझ्या आईवडिलांना काय तोंड दाखवू?"

मुंगी सगळं संपेपर्यंत दुभाषीच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने उत्तर दिलं, आणि दुभाषीच्या आवाजात ते तसंच्या तसं आलं.

"त्या मुलाला ऐकू येत होतं ना?"

काकांनी श्वास आत ओढला. बाबांनी डोळे मिटले. आईच्या जिभेवर सवयीने शब्द आले होते: तिला तसं म्हणायचं नाही हो साहेब, लहान आहे. तिने ते दातांखाली धरून ठेवले.

प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"येत होतं," ते म्हणाले. "चांगलं ऐकू येत होतं. शेजारच्याशी गप्पा मारत होता."

"मला गप्पा मारता येणार नाहीत," दुभाषीच्या तोंडून मुंगी म्हणाली. "हात यंत्रावर असले की माझं बोलणं बंद. त्यामुळे सरांनी जे सांगायचं ते यंत्र सुरू व्हायच्या आधी सांगायचं, दुभाषीने समोर उभं राहून. मग यंत्र. चालू असताना मी फक्त यंत्राकडे बघेन. घंटेबरोबर दिवा लागला तर मला कळेल. तो लावायला माझे बाबा मदत करतील, भट्टीवर आम्ही तसाच लावलाय. आणि दुभाषी नुसत्या वर्गात नको. कार्यशाळेतही हवी. तिथेच जास्त हवी."

"लावलाय," बाबा म्हणाले. "लाल दिवा आहे."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता ते मुंगीकडेच बघून बोलत होते, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "हे बघ, मी मागणी करतो. वर्गासाठी देतील. पण कार्यशाळेचे तास वेगळे मंजूर करून घ्यावे लागतात आणि ते लवकर होत नाही. मागे एका अंध विद्यार्थ्याची ब्रेलची पुस्तकं त्याची परीक्षा झाल्यावर आली. सरकार देत नाही असं नाही. सरकार देतं, पण वरातीमागून घोडं. तोपर्यंत काय करायचं?" आणि मग ते साहजिकच मुंगीच्या आईकडे वळले. "तोपर्यंत कार्यशाळेत तुम्ही बसा. तेवढं तर चालेल?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. काल हरवलेलं निम्मं तरी परत ताटात आलं होतं, आणि त्यात कुणाचं काही वाईटही नव्हतं. मुंगीनेही हात मांडीवर ठेवले होते.

"नाही," आई म्हणाली.

"पण काही दिवसांचाच प्रश्न आहे..."

"मी बसले की तो प्रश्नच उरणार नाही, साहेब. कार्यालयात म्हणतील, आई आहे ना तिथे, मग घाई कसली? कागद खालीच राहील. मी तिथे बसणं म्हणजे ती जागा अडवून ठेवणं. हिची तर अडेलच, हिच्यामागून जी येईल तिचीही." तिने टेबलापलीकडे हात पुढे केला. "बसायचंच असेल तर मी त्या कार्यालयाच्या दारात बसेन. रोज. तुमची मागणी माझ्या हातात द्या, मी स्वतः नेते."

"आणि मी नेऊन सोडेन," काका म्हणाले. मग प्राचार्यांकडे बघून त्यांनी हात जोडले. "पावाचं तुम्ही बघा, साहेब. हवा तर घ्या, नको तर नका घेऊ. दुसऱ्याचा शब्द मी पुन्हा देणार नाही."

"पावाचा इथे काय संबंध?" प्राचार्य वैतागून म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

*

कार्यालयाचं दार एका दिवसात उघडलं नाही. आई रोज सकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसायची. शिपायाला वाटलं कंटाळेल, कारकुनाला वाटलं भांडेल. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. काका तिला सोडून पावाच्या फेऱ्या करायचे आणि दुपारी परत येऊन तिच्या शेजारी बसायचे. कॉलेज सुरू झालं. वर्गात दुभाषी होती, मुंगी शिकत होती. कार्यशाळेच्या तासाला ती वाचनालयात जाऊन बसायची आणि घरी आल्यावर कुणाशी बोलायची नाही.

एका दुपारी अधिकाऱ्यांनी शेवटी आत बोलावलं. मुंगीही कॉलेजातून आली होती.

"बसा. तुम्ही आई ना? प्रस्ताव पाहिला मी. कार्यशाळेत दुभाषी देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. धोका असतो. मुलीचं नक्की म्हणणं काय आहे, ते जरा सांगा."

उत्तर आईला पाठ होतं. प्राचार्यांच्या खोलीत ऐकलेला शब्द न् शब्द तिला आठवत होता.

"ही काय, तुमच्यासमोर बसलीय," ती म्हणाली. "तिलाच विचारा."

"तिला कसं विचारणार? मला खुणा येत नाहीत."

"मग दुभाषी बोलवा, साहेब. तुमच्याच कार्यालयाचे आहेत."

अधिकाऱ्यांनी फोन उचलला. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरून एक मध्यमवयीन दुभाषी धापा टाकत वर आले. ते मुंगीसमोर बसले तशी आई उठली, मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर आली. दार आपोआप बंद झालं.

बाकावर काका होते. "तू बाहेर कशी? आत काय चाललंय?"

"मला काय माहीत, दादा? ती बोलतेय."

काका उठले, दाराच्या काचेतून डोकावले, परत बसले, पुन्हा उठले. आई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आत एकदा अधिकाऱ्यांचा आवाज चढला, मग कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही.

मुंगी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. ती आईसमोर उभी राहून भराभर हातांनी बोलली.

"काय म्हणाली? अगं, काय म्हणाली?" काका घायकुतीला आले.

आईने लेकीकडे पाहिलं. मुंगीची नजर तिच्या ओठांवर होती.

"म्हणाली, कार्यशाळेचे तास मंजूर झाले," आई म्हणाली. "सोमवारपासून. आणि म्हणाली, साहेबांना मी उद्धट वाटले."

"अरेरे. मग?"

"मग काही नाही. वाटू दे, म्हणाली."